आणखी अर्धा पीळ

घट्ट बसलेल्या वस्तूवर माझ्या सासऱ्यांचा विश्वास नाही. त्यांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या खात्यात पाइप जोडण्यात गेलं. गळती म्हणजे त्यांच्या लेखी चारित्र्यातला दोष. नट घट्ट झाला की इतर फिटर पाना खाली ठेवत, बाबा म्हणत, "आणखी अर्धा पीळ." निवृत्त झाल्यावर ही अर्ध्या पिळाची माया घरावर वळली. स्वयंपाकघरातला नळ ते बंद करतात आणि मग उघडायलाही त्यांनाच बोलवावं लागतं. सासूबाई म्हणतात, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ते काय उगाच?"

घरात सात माणसं बसतील अशी उंच गाडी आहे. कागदावर ती माझ्या नवऱ्याची. पण तो ऑफिसला बसने जातो, मी चालत जाते, म्हणून गाडी खरी बाबांची. नातीला शाळेत सोडणं, सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला नेणं आणि वाटेत दिसेल त्या माणसाला काचेआडून गाडी चालवायला शिकवणं, हा त्यांचा दिवस. दर रविवारी ते चारही चाकांचे नट तपासतात. तपासतात म्हणजे पान्याला लांब नळी अडकवून तिच्यावर उभे राहतात.

तर एकदा हायवेवर त्यांनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थरथरलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याने स्टिअरिंग पाहिलं नाही. त्यावरचे हात पाहिले.

घरी आल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "बाबांचे हात कापतात गं. आता गाडी नको त्यांच्याकडे."

"अरे, गाडी कापत असेल."

"चालवून बघतो ना मी."

त्याने बघितली. माझा नवरा गाडी अशी चालवतो की सायकलवालेसुद्धा वळून चौकशी करतात. चाळीसच्या पुढे काटा नेणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. चाळीसला ब्रेक दाबला तेव्हा गाडीने हूं की चूं केलं नाही. झालं! निदान पक्कं झालं, किल्ली त्याच्या खिशात गेली आणि शाळेच्या बसची चौकशी सुरू झाली. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "जन्मभर पाना धरलाय या हातांनी." पुढचं जेवण त्यांना गेलं नाही. मला नवऱ्याचा भयंकर राग आला. बापाला म्हातारं ठरवायची एवढी कसली घाई?

शनिवारी मी गुपचूप किल्ली उचलली, बाबांना शेजारी बसवलं आणि मोकळा रस्ता बघून काटा ऐंशीवर नेला. मागे कोणी नाही याची खात्री केली आणि ब्रेक दाबला. थरथर थेट माझ्या कोपरापर्यंत आली.

"बाबा, माझेही हात कापतायत!"

सुनेचे हात कापताहेत म्हणून इतका आनंद झालेला सासरा मी दुसरा पाहिलेला नाही. "गॅरेजला घे," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

गॅरेजवाल्याने विचारलं, "थरथर हातात येते की बसायच्या जागी?"

"हातात," आम्ही दोघं एकदम.

"मग पुढची चाकं बघू." तो नट सोडायला बसला. नट हलेना. त्याने नळी लावली, मग जोडीदाराला हाक मारली. दोघं मिळून लोंबकळले तेव्हा कुठे पहिला नट करकरत सुटला.

"कुणी आवळलेत हो हे?" त्याने घाम पुसत विचारलं.

"मी," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "आणि पोरगा म्हणतो हात थकले!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गॅरेजवाल्याने ब्रेकच्या चकतीला एक काट्याचं यंत्र टेकवलं आणि चकती हळू फिरवली. काटा जागेवर राहायला हवा होता. तो पुढेमागे डुलत होता.

"काका, दोष तुमच्या ताकदीचा आहे. नट असे वाटेल तसे आवळले की चकती किंचित तिरकी बसते. मग कुठे जाड, कुठे पातळ झिजते. ब्रेक दाबला की पकडते, सोडते, परत पकडते. तीच थरथर."

"मग काय सैल ठेवू?"

"घट्टच. पण हा पाना सांगेल तेवढंच."

चकत्यांमागचा गंज घासून त्याने दोन्ही बाजूंना नव्या चकत्या आणि पॅड बसवले. मग समोरासमोरचे नट आवळले. ठरलेल्या जोरावर पाना 'टक' वाजला की तो थांबायचा. प्रत्येक 'टक'ला बाबांचा चेहरा पडत होता. "चालवा खुशाल," गॅरेजवाला म्हणाला, "फक्त नटांच्या वाटेला जाऊ नका." एकाने हात दुबळे म्हणून गाडी काढून घेतली, दुसऱ्याने दणकट म्हणून पाना. माझं हसू आवरेना.

परतताना बाबांनीच चालवली. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन ब्रेक दाबला. स्टिअरिंग जराही हललं नाही. "बघ! बघ!" असं म्हणत त्यांनी तो तीनदा दाबला. घराखाली गाडी उभी करून त्यांनी इंजिन बंद केलं.

"चला," मी म्हटलं, "आता तुमच्या चिरंजीवांना फैलावर घेते."

बाबा किल्ली काढत होते. ती निघेपर्यंत जुडगा वाजत राहिला, निघाल्यावरही वाजत राहिला. त्यांनी उजव्या हातावर डावा हात दाबून धरला. मग दोन्ही मिळून वाजवू लागले.

"मला वाटलं होतं, गाडीच असेल," ते म्हणाले.

त्यांनी जुडगा माझ्या मांडीवर ठेवला. "त्याला सांग, गाडीत दोष होता."

मी वर जाऊन तसंच सांगितलं. खोटं त्यात काही नव्हतं. नवरा खजील झाला, माझ्या हातातली किल्ली घेऊन बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं माझं बाबा. ही घ्या."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "गाडी ठीक झाली आहे. आता कुणीही चालवेल."