साखरेचं माहेर

किराणा दुकानात किस्से जमतात ते गोणीच्या तळाशी साखर जमते तसे. गोणी रिकामी करा, झटका, उलटी करा; चार दिवसांनी पाहावं तर शिवणीत मूठभर निघतेच. जालन्याच्या बाजारात माझ्या दुकानापुढच्या ओट्यावर रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसायचो. फारशी शिकवून पेन्शनीत निघालेले मौलवीसाहेब, वरंगलकडचे तेलुगू स्टेशनमास्तर आणि मी. त्या ओट्यावरचे बहुतेक किस्से माझ्या फजितीचे आहेत. फजिती त्या दोघांचीही व्हायची, पण लोकांनी लक्षात माझीच ठेवली.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुड्या बांधायच्या रद्दीतून झालं. वाचल्याशिवाय कागद फाडायचा नाही, असा माझा नियम होता. गिऱ्हाइकांनी तो कधी मान्य केला नाही.

* * *

नाद लावला मौलवीसाहेबांनी. एकदा ते शेरभर शक्कर घ्यायला आले आणि मी तोलत असताना सहज म्हणाले, "सेठ, ही शक्कर मूळ तुमच्याकडचीच. संस्कृतात शर्करा. इराणात गेली, शकर झाली. अरबांकडे सुक्कर. दर्या ओलांडून फिरंग्यांकडे गेली, तिथं शुगर."

तागडी माझ्या हातात तशीच लोंबत राहिली. वीस वर्षं मी ज्या जिनसेवर पोट भरत होतो, तिचं नाव एवढा मुलूख हिंडून आलं होतं, आणि मी स्वतः रेल्वेनं बदनापूरच्या पुढं गेलो नव्हतो.

त्याच आठवड्यात मी पाठकोऱ्या कागदांची वही शिवली. स्टेशनमास्तरांकडून तेलुगूतलं चक्केरा मिळालं, कापसाच्या एका गुजराती व्यापाऱ्याकडून साकर, बिदरकडच्या गाडीवानाकडून सक्करे. सरक्या विकत घ्यायला आलेला माणूससुद्धा मला एक शब्द दिल्याशिवाय सुटत नव्हता.

मौलवीसाहेबांनी त्या दिवशी घरी जाऊन साखर तोलून पाहिली. पावशेर कमी भरली. दुसऱ्या दिवशी मी खजील होऊन उरलेली द्यायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या. शागीर्द उस्तादाची फी कापतो, हे पहिल्यांदाच बघून राह्यलो."

* * *

बाजारच्या दिवशी टेंभुर्णीची एक म्हातारी आली. अच्छेर, म्हणजे अर्धा शेर साखर मागितली. मी पुडी बांधता बांधता सुरू केलं. शर्करा झाली, शकर झाली, इराणचा बादशहा झाला (बादशहा माझ्या पदरचा होता), तेवढ्यात रस्त्यावरून तिच्या गाडीवाल्यानं हाक मारली. बैल जुंपून तो केव्हाचा थांबला होता. माझी गाडी अजून अरबस्तानात.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "शेटजी, तुमची साखर इराणला जाऊन आली. मला बापा फक्त टेंभुर्णीला जायचंय."

* * *

एकदा स्टेशनमास्तरांनी निरोप धाडला, की फर्स्टक्लासमध्ये एक गोरा इंजिनीअर बसलाय, गाडी वीस मिनिटं थांबणार आहे. मी दुकानातून उठलो तसाच धावलो. अंगावर गुळाचे डाग पडलेलं धोतर, डोक्याला धूळ.

साहेब खिडकीत चहा पीत होता. शुगरचा विलायतेतला खरा उच्चार त्याच्या तोंडून ऐकावा, एवढीच माझी इच्छा. मास्तरांनी शिकवलेलं इंग्रजी वाक्य ऐन वेळी विसरलो. म्हणून मी नुसतं त्याच्या साखरेच्या भांड्याकडं बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या तोंडाकडं.

साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या डोळ्यांत कणव आली. भांड्यातले दोन चौकोनी खडे उचलून त्यानं माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली. गाडी सुटली.

माझ्या गोदामात त्या दिवशी साखरेची थप्पी छताला लागलेली होती. पण महिनाभर बाजारात जो भेटेल तो विचारायचा, "काय शेटजी, आज मिळाली का साखर?"

* * *

गणपतीत माझं लेक्चर ठेवलं होतं. विषय अर्थातच 'साखरेचा जगप्रवास'. प्रसादाचा शिरा माझ्याच साखरेचा होता, म्हणून मंडळींना नाही म्हणता आलं नसावं. मी रंगात आलो. साखरेला मी चीनला नेलं, तुर्कांच्या रूमला नेलं, वाटेत दोन लढाया लढवल्या. मागच्या बाजूनं शिरा वाटायला कधी सुरुवात झाली आणि माणसं द्रोण घेऊन कधी पांगली, हे मला कळलं नाही. डोळे उघडून पाहतो तो पुढं एकटे मौलवीसाहेब.

मी त्यांचे आभार मानले. म्हटलं, हे सगळं तुमच्याकडूनच शिकलोय.

"तेच ऐकायला थांबलो सेठ," ते म्हणाले. "इतकं तर मी काही शिकवलं नव्हतं."

* * *

इथपर्यंत फजिती माझी एकट्याची होती. नंतर तिची झळ घरात लागली.

माझी थोरली लेक द्वारका. तिला पाहायला बदनापूरचे पाहुणे आले. मुलगी पसंत पडली, पत्रिका जुळली, चहा आला. त्या काळी आमच्याकडं चहात साखर वरून घालायचे. साखरेची वाटी माझ्या हातात होती आणि मुलाच्या बापानं काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, की साखरेचा धंदा कसा काय चाललाय.

मी वाटी हातात धरूनच सांगायला लागलो. चहावर साय धरली. पाहुणे तसेच उठले. आठ दिवसांनी निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण इवाई आम्हाला झेपणार न्हाईत. इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी.

द्वारकेनं माझी वही उचलून धान्याच्या कणगीमागं टाकली. मला ते तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. गावात बोभाटा झाला होता आणि पुढं वर्षभर कुणी तिला पाहायला आलं नाही.

* * *

मग मंठ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, बाप भुसार मालाचा व्यापारी. बाप इतकं मोजकं बोलायचा, की मला तो आजारी वाटला. द्वारकेला मुलगा मनापासून आवडला होता. हे मोडलं तर तिसरं स्थळ येणार नाही, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

साखरपुड्याच्या आधी बायकोनं मला देवापुढं उभं केलं. म्हणाली, "शपथ घ्या. त्यांचं तोंड गोड होईस्तोवर तुमचं तोंड बंद. एका शब्दाचंबी मूळ काढायचं न्हाई."

मी शपथ घेतली. पण माझ्या हिशेबानं ती साखरपुड्याच्या दिवसापुरती. आदल्या दिवसाबद्दल त्यात काही नव्हतं.

आदल्या दिवशी ओट्यावर मी दोघांना सांगितलं, की शर्करा म्हणजे आधी बारीक खडे, कंकर. साखर दिसायला तशी, म्हणून तिला ते नाव पडलं. मौलवीसाहेबांनी मान डोलावली. स्टेशनमास्तर मात्र ऐकेनात. खायच्या जिनसेला खड्याचं नाव कोण शहाणा देईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, दाखवतो.

घरात जाऊन बायकोच्या खलबत्त्यात मळकट पांढरी गारगोटी कुटली, चाळली, धुऊन वाळवली. लढाईचे दिवस होते, साखरेवर कंट्रोल. मलासुद्धा घरची साखर कार्डावरच मिळायची. तीही जाड, मळकट. पुड्यासाठी तीन महिने चहा गुळाचा पिऊन ती साठवलेली. एक पुडा तिचा बांधला, एक गारगोटीचा. दोन्ही ओट्यावर उघडून मांडले आणि मास्तरांना म्हटलं, हात न लावता ओळखा.

मास्तरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, "हरलो. पण शेटजी, उद्या पोरीचं कार्य आहे. पुडे नीट ठेवा."

दोन्ही पुडे मी पुन्हा बांधून फळीवर ठेवले. तीस वर्षांत माझ्या हाताला एकच घडी आणि एकच गाठ बसली होती. माझे दोन पुडे शेजारी ठेवले, तर बांधणाऱ्यालाही वेगळे करता यायचे नाहीत. बाजारात मला त्याचा मोठा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंठ्याचे पाहुणे आले. मी शपथेला जागलो. कुणी साखरेचं नाव काढलं, तर मी छताकडं पाहायचो. आमच्यात मुलीच्या बापानं स्वतः बांधलेला पुडा इवायाच्या हातात द्यायचा. त्यानं तो तिथंच फोडून चिमूट तोंडात टाकायची आणि गोड आहे म्हणायचं. मग सोयरीक पक्की.

फळीवरचा हाताला लागला तो पुडा मी दिला. इवायांनी फोडला, चांगली चिमूट भरून तोंडात टाकली आणि दाढेखाली धरली.

कर्र.

तो आवाज साखरेचा नव्हता. सगळ्या घरात ते दोघांनाच कळलं, त्यांना आणि मला. साखरेचं मूळ सांगायची आयुष्यात एकदाच खरी गरज पडली होती, आणि माझं तोंड शपथेनं बांधलेलं.

इवायांचा जबडा थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग द्वारकेकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. एवढ्यात त्यांच्या धाकट्या भावानं चिमटीसाठी हात पुढं केला.

इवायांनी पुडा मिटला, त्याला माझीच गाठ पुन्हा मारली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"गोड हाय," ते म्हणाले. "बाकीच्यांना गूळ वाटा. आमच्यात पुडा वरबापच नेतो."

"कवापासून?" भावानं विचारलं.

"आजपासून."

संध्याकाळी बायकोला फळीवर दुसरा पुडा सापडला. हा कसला म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, जादा बांधला होता. त्या पुड्याचा चहा दोन महिने पुरला. मला तो एक दिवसही गोड लागला नाही.

लग्न होईपर्यंत इवाई दोनदा जालन्याला येऊन गेले. मी पुड्याचं बोलायला तोंड उघडायचो, तर ते भाव विचारायचे.

लग्न लागलं. द्वारकेची पाठवणी झाली. गाडीला बैल जुंपले होते, मी उपरण्यानं डोळे पुशीत उभा होतो. इवाई गाडीतून उतरून परत आले. सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी आतल्या खिशातून पुडा काढला, गाठ सोडली आणि माझ्यापुढं धरला.

"सोयरे, तोंड गोड करा."

मी चिमूट घेतली. तोंडात टाकली. दाढेखाली धरली.

"कशी हाय?"

"गोड हाय," मी म्हणालो.

इवायांनी मान हलवली, पुडा माझ्या हातात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. बायको शेजारीच होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "द्या की मला बी चिमूटभर."

मी पुडा मिटून सदऱ्याच्या खिशात घातला. म्हटलं, आमच्यात पुडा मुलीचा बापच ठेवतो.

"कवापासून?" ती म्हणाली.