परात हालली नाही

खट्. खट्. खट् — तीनदा आवाज आला अन् मले समजलं. गाडीत आम्ही चौघं होतो, पन समजलं एकट्या मलेच. मेहकरच्या अलीकडचा उतार. व्हॅननं असा झटका देला अन् जाम झाली, सीटखालून धूर, मागून ट्रक — त्याचा हॉर्न अजून माया कानात हाय — म्या पोरीले पोटाशी इतकी आवळली का तिले रडता येईना. आमचे हे स्टेरिंग ओढून गाडी कडेले घेऊन राह्यले, अन् समोर मामाजी, म्हणजे माये सासरे, दोन्ही हात सीटवर ठेवून बसेल. त्या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असते. ते इंजिन त्याईनंच बांधलं होतं.

ट्रक बाजूनं निघून गेला. वाचलो.

पुढचं म्या कोणालेच सांगतलं नाही. माया आईले बी नाही. तुमाले काऊन सांगून राह्यली? तुमी मले ओळखत नाही, म्हणून असंन. मी आठवीपोतर शिकली, मले नीट मांडता येत नाही. जसं आठवते तसं सांगते — दमली मी आता हे घेऊन फिरून.

आमचं घर बीबी गावात. दोन खोल्या. मागच्या खोलीत गॅस अन् भांडे, म्होरच्या खोलीत बाकी सगळं. अन् त्या दिवसात म्होरच्या खोलीत पोरीची झोळी, झोळीच्या बाजूले इंजिन. खोटं नाही सांगत. गल्लीत ठेवलं तर मोटरसायकल जाईना, अन् उघड्या इंजिनात धूळ जाते. म्हणून चार माणसाईनं लाकडी बल्लीले दोर बांधून ते घरात आणलं, पोत्यावर ठेवलं. मी पोरीले घेऊन त्याच्यावरून टांग टाकून ये-जा करत होती.

सिलिंडरात चरे पडले होते. गाडी तेल खाये, निळा धूर सोडे. व्हॅनवरच आमचं घर चाले — बाजाराच्या बाया, शाळेचे पोरं. मोठ्या गॅरेजवाला म्हणे पंधरा दिवस लागतीन. मामाजी ह्याईले म्हणे, "पंधरा दिवस? अबे, याच्यापेक्षा खराब इंजिनं म्या झाडाखाली बसून बांधले."

बांधलेच होते. सारी जिंदगी जालना रोडच्या एका गॅरेजात गेली त्याईची. डोळ्यात मोतीबिंदू आला तवा काम सुटलं. पन हात — डोळे मिटून नट बोटात धरे अन् सांगे कितीचा पाना लागते. गावातले लोक पाण्याच्या मोटरी घेऊन ओट्यावर येत.

चरे घासाले मशीन कुठून आणाची? त्याईनं मायं लाटणं घेतलं. त्याले पॉलिश पेपर गुंडाळला, तेल लावलं, अन् दिवसभर सिलिंडरात फिरवत बसले. वरखाली, वरखाली, मधीमधी बोट घालून चाचपे.

"बाबा, लाटण्यानं होते का हे?" ह्याईनं इचारलं.

"सूनबाईच्या पोळ्या गोल येतात ना? मंग सिलिंडर बी गोलच राहीन."

मी हसली. पन मले राग बी होता. दोन दिवसापासून मी पोळ्या काचेच्या बाटलीनं लाटून राह्यली होती.

मंग परात गेली. घरात मोठी परात एकच, आईनं लग्नात देलेली. त्यात मामाजीनं तीन पिस्टन ठेवले. हरेक पिस्टनले एक दांडी असते, अन् दांडीच्या खाली एक कॅप — अर्ध्या बांगडीवानी, दोन नटानं बसते. दाराकडून एक, दोन, तीन, हरेकीची कॅप हरेकीच्या पायाशी. मले म्हणे, "सूनबाई, बाकी घर तुयं. या परातीले तेवढा हात लावू नको. हिची कॅप तिले चालत नाही. घासूघासू एकमेकीच्या झाल्या त्या."

म्या मान हालवली. सांगतलं होतं मले. समजलं बी होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ननंदबाई आल्या, शेगावहून वापस जाताना, संगं चार माणसं. जेवूनच जातो म्हणे. हे सामान आणाले गेलते. मामाजी पाहुण्यासंगं ओट्यावर. पोरगी झोळीत रडून राह्यली, ननंदबाई दारातून म्हणतात, "वहिनी, पोरगी भुकेली व्हय ना?" — अन् मायासमोर कणकेचा डबा, अन् भिजवाले भांडं नाही. ओट्यावर जाऊन मामाजीले इचारता आलं असतं. दोन पावलं होते. ताटात थोडी थोडी भिजवता आली असती. तुमी असत्या तर काय केलं असतं?

म्या परात उचलली अन् पोत्यावर रिकामी केली. हळू नाही — रागानं. घरातली एक वस्तू माया हातात ठेवत नाहीत म्हणून. दांड्या, कॅपा सगळं खडखड करत एका ठिकाणी पडलं. परात घासली, कणीक भिजवली. एक पाहुणी म्हणे पोळीले कसातरी वास येते. म्या म्हटलं, गोडेतेल नवं हाय.

सारे गेल्यावर म्या परत मांडलं. दाराकडून एक, दोन, तीन. तिन्ही दांड्या सारख्या, तिन्ही कॅपा सारख्या. अंदाजानं ठेवल्या. दिसाले बरोबर दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी बसवाले बसले. दांड्याईवर अन् कॅपवर त्याईनंच कानसीनं बारीक रेघा मारल्या होत्या — पयलीले एक, दुसरीले दोन, तिसरीले तीन. कॅप दारातल्या उजेडात धरली, डोळ्याजवळ नेली, दिसेना. अंगठा फिरवला, ग्रीसमुळं लागेना. मंग आवाज देला —

"सूनबाई, परात हालली तर नाही ना?"

हो म्हणाले किती वेळ लागते? हे तिथंच बसेल होते. ह्याईचा आवाज चढला का काय बोलतीन त्याचा नेम नाही. माहेरी नेऊन घालतो, हे दोनदा ऐकलेलं होतं म्या. तुमी असत्या तर —

"नाही मामाजी. परात हालली नाही."

"मंग झालं. तुया शब्दावर बसवतो."

गाडी दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी पोरीच्या इंजेक्शनले मेहकरले निघालो. मामाजी मुद्दाम समोर बसले, आवाज ऐकाले. "पाय बरं सूनबाई, कशी शिलाई मशीनवानी चालते."

पन हे बी नाही. मले जे सांगाचं हाय ते याच्या पुढं हाय. तिथपोतर येता येता दम लागते.

गाडी कडेले उभी होती. दांडी सिलिंडर फोडून बाहेर आलती, खाली तेलच तेल. हे रस्त्यावर आरडून राह्यले, "बाबा, काय बसवलं तुमी? पोरगी होती गाडीत!" मामाजी म्हणे, "म्या तं बरोबर —" अन् थांबले. मायाकडं वळले. त्याईले दिसत कमी होतं, पन मायाकडंच वळले. मले कोणी काही इचारलं नव्हतं. चूप राह्यली असती तरी चाललं असतं. पन मी बोलली. म्या म्हटलं —

"मामाजीले दिसतच नाही आता. परवा चहात मीठ टाकून राह्यले होते."

मीठ त्याईनं कधीच टाकलं नव्हतं.

इंजिन भंगारात गेलं. हे आता दुसऱ्याची गाडी चालवतात. मामाजीनं पाने डब्यात भरले, डबा पलंगाखाली सरकवला. कोणी मोटर घेऊन आलं का म्हणे, "डोळे गेले बा, दुसऱ्याले दाखव." अन् तवापासून चहात साखर टाकाच्या आधी डबा मायासमोर धरे, "सूनबाई, हे साखरच हाय ना?" दोन वर्षं. रोज दोनदा. म्या रोज हाव म्हटलं.

या हिवाळ्यात त्याईच्या डोळ्याचं आपरेशन झालं. चांगलं दिसाले लागलं. मागच्या आठवड्यात ओट्यावर उन्हात बसून तो पलंगाखालचा पान्याचा डबा उघडला. त्यात ती तुटकी दांडी होती, कॅप अजून तिलेच लागलेली — ठेवली होती कधीची. लुगड्याच्या चिंधीनं पुसली, उन्हात फिरवली. मी चहा घेऊन मागं उभी. मले बी दिसलं. दांडीवर तीन रेघा, कॅपवर एक.

रेघाईवरून अंगठा फिरवला. मंग मायाकडं पाह्यलं — आता सगळं दिसते त्याईले — अन् म्हणे, "परातीत मांडतानाच मायी चूक झाली असंन, नाही का सूनबाई?"

तुमी असत्या तर काय केलं असतं, हे मी आता नाही इचारत.

म्या कप खाली ठेवला, पदर सावरला अन् म्हटलं, "हाव मामाजी."