एकही खाडा नाही

आमच्या राजरत्नची बोटं निळी होती. घासली, साबण लावला, लिंबू चोळलं, तरी निळीच. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका सिंधी मालकाच्या, साईंच्या, जीन्स धुलाईच्या कारखान्यात तो रात्रपाळीला होता. तिथे नव्याकोऱ्या पँटी दगड घालून धुतात आणि जुन्या करतात. असल्या पँटी घालणाऱ्यांच्या अकलेचं मला कौतुकच वाटतं.

मी त्याची थोरली बहीण, यशोधरा. लग्न होऊन बदलापूरला आले, पण जीव अडकलेला अंबरनाथच्या आमच्या वस्तीत. रविवार आला की माहेरी जायचं आणि राजरत्नला चार शब्द सुनवायचे, हा माझा नेम. तोंडाने मी फटकळ आहे, ते सासरीसुद्धा मानतात. पण त्याला बोलायचे ते कळवळ्याने बोलायचे. रात्री जागं राहायला सिगारेट, सकाळी पोट साफ व्हायला सिगारेट, दिवसा झोप येत नाही म्हणून सिगारेट. छाती म्हणजे बंद पडलेली रिक्षा, नुसती घरघर. आणि या छातीवर साहेबांना पोलीस व्हायचं होतं.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. लेखी परीक्षेची तयारी त्याने केली होती, उंची होती, छाती फुगवली की मापात बसत होती. अडत होतं एकाच ठिकाणी, धावण्यात. पाच किलोमीटर धावायचं आणि वेळेत धावायचं. मागे एकदा गेला होता, थोडक्यात राहिला. आता ही शेवटची भरती. पुढच्या वेळी त्याचं वय उलटलेलं असणार होतं. मग आहेच जन्मभर ती निळी बोटं.

"ताई, या वेळी नाही झालं तर मी संपलो," तो मला म्हणाला होता. नाटक करायचा स्वभाव नव्हता त्याचा, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्याच्या पाळीनंतर, सकाळी, वस्तीतली पोरं मैदानावर धावायची प्रॅक्टिस करायची. हाही जायचा, तांबारलेले डोळे घेऊन. पावसाळा संपता संपता तिथे एका कॉलेजची मंडळी आली. समाजसेवा शिकवतात तसलं कॉलेज. टेबल मांडलं, बॅनर लावला. सिगारेट ओढणाऱ्या तरुण पोरांची नावं घेत होते. वजन केलं, उंची मोजली, एका नळीत जोरात फुंकायला लावलं आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. मोबाइलवर रोज मेसेज येणार, कधी झोपायचं, कधी चालायचं-पळायचं, सिगारेटची तलफ आली तर काय करायचं. झोप आणि व्यायाम सुधारला की सिगारेट आपोआप सुटते का, हे त्यांना बघायचं होतं.

त्या दिवशी राजरत्न घरी आला तो खुशीत. नेमकी मी होते. आई भाकऱ्या थापत होती. त्याने आम्हा दोघींना समजावून सांगितलं, "रोज संध्याकाळी एक मेसेज येईल, आज कसं काय म्हणून. झोप झाली, व्यायाम झाला, सिगारेट ओढली नाही, तर एक मिसकॉल मारायचा. नसेल जमलं तर काही नको. दोन-तीन दिवस मिसकॉल गेला नाही, तर कॉलेजच्या मॅडम स्वतः फोन करणार. माझी रात्रपाळी आहे ना, ते मेसेजची वेळ पण बदलून देणार. काय चुकतंय ते बघणार बोलल्या."

"म्हणजे हजेरी," आई म्हणाली.

"तसंच समज," तो म्हणाला आणि पाट ओढून जेवायला बसला.

आता आईचं सांगायला हवं. आमची आई चांगुणाबाई. आमचे अण्णा, भीमराव, एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत टेम्पररी होते. पर्मनंट करायची यादी निघणार होती तेव्हाच त्यांना कावीळ झाली. घरी निपचित पडून होते. कंपनीत कळवायला पाहिजे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बरे होऊन गेले, तर हजेरीत खाडे पडले म्हणून गेटवरूनच परत. आधी म्हणे बोलावणं धाडलं होतं, ते आमच्यापर्यंत आलंच नाही. अण्णा मग बिगारी करता करता गेले. आईने त्यातून एवढंच घेतलं की काहीही होवो, खाडा होता कामा नये. आम्हाला तापात शाळेत पाठवणारी बाई ती. वरून विचारणा आली म्हणजे खाडा पडला आणि माणूस गेला, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

कारखान्यात मोबाइल नेता येत नसे, पाण्यात आणि वाफेत खराब होतो. राजरत्न संध्याकाळी घरातून निघायचा, मोबाइल खिडकीत चार्जिंगला. मेसेज यायचे ते त्याच्या पाठीमागे. रात्री दहाला यायचं, 'आता दिवा मालवा, शांत झोपा.' तेव्हा हा गुडघाभर निळ्या पाण्यात उभा. सकाळी यायचं, 'उठा, मोकळ्या हवेत अर्धा तास चाला.' तेव्हा हा नुकता आडवा झालेला, आणि पत्र्याखाली घामाघूम होऊन कूस बदलतोय.

सुरुवातीला त्याने जीव तोडून केलं. सिगारेट निम्म्यावर आणली, मैदानाला फेऱ्या मारल्या, पोरांना म्हणाला, मला कोणी देऊ नका आणि मागितली तर कानाखाली द्या. पण झोपच नाही, तर अंगात ताकद यायची कुठून. पाळीत डोळा लागला की साईं ओरडायचा, मग पुन्हा सिगारेट. ज्या दिवशी ओढली त्या दिवशी तो मुद्दाम काही न कळवता निघून जायचा. खोटं बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. फोन येईल, मग सगळं मोकळं बोलेन, मॅडम वेळ बदलून देतील, या आशेवर.

फोन काही आला नाही.

"आज आला का गं फोन?" सकाळी आल्या आल्या विचारायचा.

"नाही बाबा, कोणाचा नाही," आई सांगायची. आणि तिच्या आवाजात समाधान असायचं. ते मला तेव्हा कळलं नाही, राजरत्नलाही नाही.

फोनऐवजी मेसेज यायचे. 'शाब्बास. असेच चालू ठेवा.' एका रविवारी त्याने तो मेसेज माझ्या नाकासमोर धरला. "बघ ताई. मी इथे खोकून खोकून मरतोय आणि हे शाब्बास पाठवतायत. सगळ्यांना एकच छापून मारतात साले. मी मिसकॉलचा तो नंबर लावून बघितला ना, नुसती रिंग वाजते आणि कट. मशीन आहे मशीन. माणूस नाहीच तिथे."

"मग तू जा ना त्या कॉलेजात," मी म्हटलं.

"कशाला? भीक मागायला? स्वतः बोलल्या होत्या फोन करू. माझ्यासारख्यावर वेळ कोण घालवणार. त्यांनी पण मला सोडलं."

मी खूप बोलले त्याला. असा कसा तू, लगेच हातपाय गाळतोस. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला रडू फुटेल असं वाटलं, आणि मी ओरडून ते दाबलं. त्यानंतर त्याने मैदानावर जाणं कमी केलं. दिवसा नुसता छपराकडे बघत पडायचा. सिगारेट पहिल्यापेक्षा वाढली.

भरतीला ठाण्याला मी सोबत गेले. आई येणार होती, पण तिने घरी ठेवलेला त्याचा मोबाइल सोडून यायचं नाही म्हणून हट्ट धरला. मला वाटलं, म्हातारी घाबरलीय. मैदानाच्या कुंपणाबाहेर आम्ही बायका उभ्या होतो, कोणाची आई, कोणाची बायको. राजरत्न सुरुवातीला पुढच्या पोरांत होता. मग मधे आला. मग मागे. शेवटच्या फेरीत तो चालायला लागला, हात छातीवर, आणि वळणावर खाली बसून ओकला. मी जाळीला धरून हाका मारत होते, ऊठ रे राजा, ऊठ. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या बाजूने पोरं पळत गेली.

त्याच संध्याकाळी तो पुन्हा कारखान्यात गेला.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. रविवारच होता. दारात एक मुलगी आली, खांद्याला झोळी, हातात गुंडाळी केलेला कागद. "जयभीम. मी शलाका, कॉलेजकडून आले. राजरत्न कांबळे इथेच राहतात ना?"

आईने लगबगीने सतरंजी घातली, मला चहा ठेवायला सांगितलं. राजरत्न भिंतीला टेकून बसला होता. मुलगी हसून म्हणाली, "तुमचं अभिनंदन करायला आले. आमच्या सगळ्या मुलांमध्ये तुम्ही सर्वांत नियमित. बाकीच्यांना आम्ही कितीदा फोन केले, घरी गेलो, वेळा बदलल्या, रात्रपाळीवाल्यांना तर मेसेज दुपारी लावून दिले. त्यांतले बरेच सुधारले पण. तुम्हाला मात्र कधी फोन करावाच लागला नाही. रोज मिसकॉल."

मी चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"रोज?" राजरत्न म्हणाला.

"रोज. पहिल्या आठवड्यानंतर एकदाही चुकला नाही."

आणि आई, आमची भोळी आई, पदर सावरत पुढे सरकली. "मी मारायचे ना. हा कामाला गेला की त्याच्या ध्यानात राहायचं नाही. मेसेजचा आवाज आला की हिरवं बटण दाबायचं, एक रिंग झाली की लाल. तापाने फणफणले होते तरी मारला. एकही खाडा नाही होऊ दिला, मॅडम. आता तरी भरतीवाले त्याला बोलावतील ना?"

शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सावकाश, हळू आवाजात आईला समजावलं की त्यांचा भरतीशी काही संबंध नाही. मिसकॉल म्हणजे मुलगा ठीक आहे, असं ते धरून चालत होते. मिसकॉल आला नसता, तर त्यांनी फोन केला असता. ती फोन करण्यासाठीच तर होती.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग राजरत्नकडे. मला वाटलं, आता हा तिला बोलणार, आणि बोलला तर मी काय करू. पण त्याने आईकडून नजर काढली.

"मॅडम," तो शलाकाला म्हणाला, "मी तुमच्या फोनची वाट बघत होतो."

"मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. चहा न पिताच गेली बिचारी. कागदाची गुंडाळी सतरंजीवर राहिली.

आमच्या घरात अण्णा असल्यापासून एक रीत होती. राजरत्न कितीही ओढो, आईसमोर कधी नाही. नाक्यावर जायचा, येताना बडीशेप खाऊन यायचा. आईला सगळं ठाऊक होतं, पण ती मर्यादा त्याने इतकी वर्षं पाळली होती. त्या दिवशी त्याने बसल्या जागी खिशातून पाकीट काढलं आणि आईसमोर सिगारेट पेटवली.

मी भडकले. "लाज वाटत नाही का तुला," म्हणत त्याच्या हातातून ती ओढून घ्यायला धावले.

आईने मधेच माझा हात धरला. ती उठली, शलाकासाठी काढलेली बशी घेतली आणि राख झाडायला त्याच्यापुढे ठेवली.

"राहू दे गं यशा," ती म्हणाली. "आता त्याला विचारणारं कोण आहे?"