तळणीच्या तेलाचा साबण

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची बेल वाजायची. दारात शैलावहिनी, मागे त्यांची सायकल आणि सायकलच्या दोन्ही पिशव्यांत रिकामे कॅन. दिवाळीच्या शुभेच्छा वगैरे नंतर. पहिला प्रश्न, "तेल गाळलंयस न्हवं?" आइंडहोवनमधल्या ओळखीच्या झाडून साऱ्या मराठी घरांतलं तळणीचं उरलेलं तेल त्या असं गोळा करायच्या आणि त्याचा कपडे धुण्याचा साबण करायच्या.

वहिनी मूळच्या इचलकरंजीच्या. तिथे शाळेत रसायनशास्त्र शिकवत होत्या, इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आल्या. एका पगारातून पैसे साठवून आईला एकदा इथे आणायचं, हा त्यांचा ध्यास. म्हणून घरात विकतची साबणपावडर बंद. मी मुद्दाम डिवचायची, "वहिनी, सुपरमार्केटमध्ये एकावर एक फुकट लागलंय." त्या म्हणायच्या, "फुकट कुठलं गं? नको असलेलं दुसरं गळ्यात मारत्यात."

साबण करायचा दिवस म्हणजे बाल्कनीचं दार सताड उघडं, हातात मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा. "पाण्यात कॉस्टिक सोडा घालायचा, सोड्यात पाणी नाही," हे त्या मला दर वर्षी बजावत, जणू मी त्यांच्या वर्गातली नापास मुलगी. मग ते पाणी तेलात ओतून घट्ट होईपर्यंत ढवळायचं, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत भरायचं, वड्या पाडायच्या आणि पार संक्रांतीपर्यंत मुरू द्यायच्या. मला मेलीला धीर म्हणून नाही. "घाई केलीस तर हात खाईल," त्या म्हणायच्या. "साबण असू दे नाहीतर परका देश, मुरायला वेळ लागतोच."

संक्रांतीला आम्ही बाकीच्या बायका स्टीलच्या वाट्या लुटायचो. वहिनींचं वाण म्हणजे साबणाची वडी. ती किसून मशीनमध्ये टाकायची. कपडे स्वच्छ निघायचे, फक्त किंचित ओव्याचा वास राहायचा. माझी लेक शाळेचा टी-शर्ट हुंगून म्हणाली होती, "आई, इट स्मेल्स लाइक चकली!" वहिनींना ती मोठी पावती वाटली.

मग एका दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या यजमानांची, सतीशरावांची, नोकरी गेली. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा, असा त्यांच्या परवान्याचा नियम. मला वाटलं, यंदा काही बेल वाजायची नाही. वाजली. मला राहवलं नाही. "वहिनी, आता कशाला हा व्याप?"

"नोकरी लागली तर साबण मला लागेल की," त्या म्हणाल्या. "आणि नाही लागली, तर तुला लागेल. चल, ये शिकायला."

त्या वर्षी ढवळायचं काम त्यांनी माझ्याच हाती दिलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या.

नोकरी लागली नाही. वर्ष संपता संपता ते दोघं निघाले. वड्या अजून पुरत्या मुरल्या नव्हत्या, त्या वहिनींनी आमच्या सायकलींच्या खोलीत आणून मांडल्या. दारात म्हणाल्या, "आईला इथं आणायचं म्हणत होते बघ. आता मीच चालले तिच्याकडं." हसल्या, आणि मग दोघीही रडलो. मला इथे बहीण नाही, हे वहिनी होत्या तोवर कधी जाणवलं नव्हतं.

संक्रांतीला त्यांचं वाण मी लुटलं. बायका वडी हातात घेऊन हुंगत होत्या.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नुकतीच पुण्याहून आलेली एक मुलगी, हातात तेलाची बाटली. "ताई, तळणीचं तेल इथे घेतात ना? मला कुणीतरी सांगितलं."

छे गं, ते आता बंद झालं, असं सांगायला मी तोंड उघडलं. निघालं ते मात्र, "गाळलंयस न्हवं?"