जुनी चालेल, वापरलेली नको

निशिकांत माझ्या लेकीचा शेजारी. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या एका सोसायटीत त्यांची दारं समोरासमोर आहेत. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो लोकांच्या कर्जातली जोखीम तपासतो. माणूस सज्जन, आणि इतका जपून वागणारा की टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिकही त्याने अजून काढलेलं नाही.

त्याची बायको उल्का लग्नाआधी रायरेश्वराच्या पठारावर उघड्यावर झोपणारी. सिंगापूरला आणताना त्याने तिला कबूल केलं होतं, "पुलापलीकडे मलेशियात जोहोरचं रान आहे. गाडी घेऊ, तंबू ठोकून राहू." पुढे मुलगा कॉलेजात गेला, तरी रान पुलापलीकडेच राहिलं. २००४ साली उल्काने तंबू आणला आणि हॉलच्या मधोमध उभा केला. "गाडी येईपर्यंत हा इथेच," ती म्हणाली. मग निशिकांत हलला.

नवी फोर-व्हील-ड्राइव्ह परवडणारी नव्हती. सिंगापुरात गाडीबरोबर तिचा दहा वर्षांचा परवानाही विकत घ्यावा लागतो. त्यातली थोडी वर्षं उरलेल्या जुन्या गाड्या त्यामानाने स्वस्त. त्याचा मित्र सुबोध दर सुट्टीला बायकोला, मीनलला, घेऊन मलेशियाच्या जंगलात जाणारा, म्हणून निवडायला तो बरोबर. उल्काने मलाही नेलं.

निशिकांत प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचा. माती दिसली की हात झटकत उठायचा.

"ही रानात गेलेली आहे."

"मग काय देवळात जाणार होती?" सुबोध म्हणाला.

"वापरलीय रे फार."

"निश्या, आपण जुनीच गाडी घ्यायला आलोय ना?"

"जुनी चालेल. वापरलेली नको."

दुकानदार चिनी म्हातारा होता. एका खरचटलेल्या डिझेल जीपवर थाप मारून तो म्हणाला, "धिस वन एव्हरी मंथ गो जंगल. व्हेरी स्ट्राँग, लाह." बिचाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक खूश होईल. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. उल्का मात्र आत चढून बसली होती.

"बाई, छान आहे हो ही," ती मला म्हणाली.

"उतर," निशिकांत म्हणाला. "कपडे खराब होतील."

शेवटी त्याच्या मनासारखी मिळाली. पांढरीशुभ्र. आधीची मालकीण दंतवैद्य. गाडी दवाखाना आणि मॉल याखेरीज कुठे गेलेली नाही, फोर-व्हीलचा दांडा एकदाही हललेला नाही. एखादं स्थळ सांगावं तशा कौतुकाने त्याने हे सगळ्यांना सांगितलं.

"टायर डांबरी रस्त्याचे आहेत," सुबोध म्हणाला. "चिखलात घसरतील."

"चिखलात जायचंच कशाला? कडेकडेने जाऊ."

पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं ते बॉनेटवर पसरलेल्या कागदावर.

पुढचं उल्काकडून ऐकलं. दोन्ही गाड्या जोहोरला गेल्या. पामच्या मळ्यापाशी डांबर संपलं, पुढे लाल माती आणि एक ओढा. पलीकडे तंबूची जागा. सुबोधची जीप पाण्यातून पार गेली. निशिकांत डांबराच्या कडेला थांबला आणि उतरून पाण्याकडे बघत राहिला.

"खाली दगड असतील."

"असणारच. ओढा आहे तो," उल्का म्हणाली.

"परवाच पॉलिश केलंय गं."

"दे मग, मी चालवते."

"तू? नको नको. आज अंदाज घेतला ना, पुढच्या वेळी येऊ."

उल्काने मागचं दार उघडून तंबू काढला, डोक्यावर घेतला आणि ओढ्यात उतरली. पलीकडून मीनलने हात दिला. निशिकांत जवळच्या गावात लॉजवर राहिला.

सकाळी मात्र तो वेळेवर ओढ्याशी हजर होता, थर्मासमध्ये चहा घेऊन. प्रेमळ आहे तो, ते मी नाकारत नाही. उल्का गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली. गाडीचं दार उघडून बघते तर तिच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि पायांखालीही. तिने चहा घेतला, दार हळूच लावलं, आणि सुबोधच्या जीपमध्ये मागे जाऊन बसली.

आता ती सुबोध-मीनलबरोबरच जाते. निशिकांत तिला त्यांच्या घरापर्यंत सोडतो, तंबू स्वतः उचलून देतो. रविवारी ती परतली की दारातच विचारतो, "रस्ता कसा होता?"

"नव्हता," उल्का म्हणते आणि आंघोळीला जाते.