पाकिटावर ठेवलेलं घड्याळ

"तारीख बारा ऑक्टोबर, वार रविवार. खात्यात शिल्लक चार लाख सत्तावीस हजार शंभर रुपये. हजर पाच भागीदार, गैरहजर कोणी नाही. चहा आला आहे, त्याची नोंद नंतर."

दर हिशेबाच्या बैठकीत काका असं म्हणेपर्यंत त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सुटलेलं असायचं. पिशवीतून एक बंद खाकी पाकीट निघायचं, ते टेबलाच्या मधोमध ठेवलं जायचं आणि त्यावर ते घड्याळ. वजन म्हणून नव्हे. आमच्या घरात पंखा इतक्या जोरात फिरत नाही. "आकडे आत आहेत आणि वेळ झाल्याशिवाय बाहेर येणार नाहीत," एवढाच त्याचा अर्थ.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दुकानात वजनकाटा शून्यावर आला का, हे वाण्याच्या आधी बघणारा. आमच्या इंदिरानगरच्या गल्लीतल्या या माणसाने एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात पस्तीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीनंतर तो आमच्या तावडीत सापडला होता. की आम्ही त्याच्या, हे अजून ठरायचं आहे.

आमची भागीदारी विजेची. विंचूरच्या रस्त्याला द्राक्षांचं एक शीतगृह आहे. त्याच्या छतावर आम्ही पाच जणांनी प्रत्येकी चार लाख घालून सौर पॅनल बसवली. होणारी वीज शीतगृहाचे मालक सहा रुपये युनिटने घेतात. पाच जण म्हणजे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेले आबा, शाळेतले एक मास्तर, एक दातांचे डॉक्टर, सातपूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा मी, आणि माझे शेजारी. शेजारी दुसऱ्याच वर्षी गेले. त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आल्या.

दर सहा महिन्यांनी हिशेब करायचा ठरलं होतं. पहिल्या सहामाहीला काकांनी चार पानं आणली. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"काका, तीन पानं झाली, आकडा कुठंय?"

"आकडा चौथ्या पानावर. ते पाकिटात आहे."

"मंग या तीन पानांत काय हाय?"

"पद्धत. वीज कधी विकली असं धरायचं, खर्च कधी झाला असं धरायचं, पॅनल किती वर्षांत झिजतात, पैसे पूर्ण रुपयात कसे करायचे. आधी पद्धत, मग आकडा. वाचा, पटलं तर सही करा, मग पाकीट फोडतो."

"आन् आधी आकडा पाहिला तर?"

"तर तुम्हाला कुठलीही पद्धत पटेल," काका म्हणाले आणि चहाचा पहिला घोट घेतला.

ती तीन पानं दर सहामाहीला मोठ्याने वाचली जायची. एप्रिलमध्ये सही व्हायची ती वर्षासाठी, आणि ऑक्टोबरमध्ये "वाचली, तीच आहेत" अशी पुन्हा सही. मास्तरांना तर कलमं पाठ झाली होती. चौथं कलम माझ्याही लक्षात आहे: झालेलं पण बिल न दिलेलं काम, झालं त्याच महिन्यात धरावं. सप्टेंबरच्या विजेचं बिल ऑक्टोबरमध्ये जायचं, पण ती वीज काका सप्टेंबरमध्येच धरायचे. डॉक्टरांनी एकदा वाद घातला की पैसे आलेच नाहीत तर धरायचे कसे. काका खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "ऊन पडलं, वीज झाली, मालकांची द्राक्षं गार झाली. आता बिल राहिलं म्हणून ऊन परत जातं का?"

सर्वांत आवडती मात्र सातव्या कलमाखालची तळटीप होती. एका सहामाहीत नफा बराच कमी आला. आबांचा चेहरा पडला. "धंदा बसला काका. लय मोठी चूक झाली." काकांनी शांतपणे तळटीप वाचली: "या सहामाहीत पावसाळ्याचे चार महिने येतात. यावरून पूर्ण वर्षाचा अंदाज बांधू नये."

हे वाक्य काकांनी हिशेबापुरतं ठेवलं नाही. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तर आतून काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. विषय दळणाचा होता. काका दारातच मला म्हणाले, "या. या सहामाहीवरून पूर्ण वर्षाचा अंदाज बांधू नका." आतून काकू म्हणाल्या, "सदतीस वर्षांचा बांधा की मग!"

मीटिंगनंतर आम्ही मिसळ खायला जायचो. तिथेही पद्धत होती. रस्सा पहिल्या प्लेटच्या खर्चात, जादा पाव ज्याचा त्याच्या नावावर, आणि खर्च मिसळ खाल्ली त्या दिवशीचा, पैसे कोणीही कधीही देवो. एका रविवारी डॉक्टर पाकीट विसरले. पुढच्या रविवारी त्यांनी पैसे पुढे केले तेव्हा काका म्हणाले, "ही मागच्या रविवारची मिसळ आहे. आजच्या मिसळीत मिसळू नका." वेटर हसला तरी काकांचा चेहरा सरळ होता. त्यांना विनोद कळत नव्हता असं नाही. विनोदाची नोंद ते नंतर करायचे.

आता त्या बारा ऑक्टोबरबद्दल. हे लिहायला मला जरा जड जातंय, पण लिहितो, कारण ते गाळलं तर काका पूर्ण होत नाहीत.

वहिनींना भागीदारीतून बाहेर पडायचं होतं. त्या घरी मसाले करून विकायच्या, आणि पंचवटीत त्यांना एक गाळा मिळत होता. गाळ्याची अनामत अडीच लाख, कांडप यंत्राचे एक लाख पासष्ट हजार. एकूण चार लाख पंधरा हजार, आणि गाळेवाला दिवाळीच्या पुढे थांबायला तयार नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर पडणाऱ्याला सहामाहीच्या हिशेबाप्रमाणे पाचवा हिस्सा द्यायचा, असं आमच्या करारात आहे. मीटरचे आकडे माझ्या फोनवर दिसतात. मी घरी बसून गणित मांडलं. आमच्या पद्धतीत पॅनलची किंमत वीस वर्षांत सारख्या हप्त्याने उतरते, वर्षाला एक लाख. वहिनींचा हिस्सा येत होता चार लाख एकोणीस हजार. खात्यातले जवळजवळ सगळे पैसे जाणार होते. मग माझ्या डोक्यात आलं की आजकाल नवी पॅनल स्वस्त झाली आहेत, जुन्यांची किंमत सुरुवातीलाच जास्त उतरायला हवी. दर वर्षी उरलेल्या किमतीच्या दहा टक्के धरले तर? हिस्सा आला तीन लाख सहासष्ट हजार वीस. फरक बावन्न हजार नऊशे ऐंशी. मी ते तीनदा तपासलं. मग आबांना, मास्तरांना आणि डॉक्टरांना फोन केले. कोणी हो म्हटलं नाही. कोणी नाही म्हटलं नाही.

काकांनी तीन पानं वाचून संपवली आणि पेन पुढे केलं. मी घसा साफ केला.

"काका, घसाऱ्याच्या पद्धतीत थोडा बदल सुचवायचा आहे." आणि मी पॅनलच्या बाजारभावांबद्दल पाच मिनिटं बोललो. चांगलं बोललो.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पाकिटावरचं घड्याळ जरा सरळ केलं.

"स्टोअरवाले, तुम्ही आकडा घरून बघून आलात."

मी चहाची बशी जरा बाजूला सरकवली.

"हरकत नाही. पद्धत बदलता येते. अर्ध्या वर्षातही बदलता येते. फक्त तळटीप लागते, आणि तळटिपेत कारण लागतं." त्यांनी कोरा कागद घेतला, तारीख घातली आणि मोठ्याने उच्चारत लिहिलं, "बदलाचं कारण, दोन टिंबं." पेन कागदावर टेकवून ते माझ्याकडे पाहू लागले. "सांगा. मी लिहितो."

"पॅनल स्वस्त झाली आहेत."

"ती दोन वर्षांपूर्वीच झाली. एप्रिलमध्ये सही केलीत तेव्हाही होती. एप्रिलनंतर काय बदललं?"

एप्रिलनंतर एकच गोष्ट बदलली होती. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

आबा पायातली चप्पल शोधल्यासारखे खाली वाकले. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात गेले.

"सांगा ना भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मलाही कळू द्या. पापडाचं पीठ मळायला घेतल्यावर माप बदलतात होय?"

पेन तसंच टेकलेलं होतं. त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"राहू द्या," मी म्हणालो.

"राहू द्या असं लिहू?" काकांनी विचारलं.

"नका लिहू काका. सही करतो."

पाचही सह्या झाल्यावर काकांनी घड्याळ उचललं आणि पाकीट फोडलं. चार लाख एकोणीस हजार. वहिनींच्या नावाचा चेक तिथेच लिहिला गेला. खात्यात उरले आठ हजार शंभर. त्यातून पॅनल धुणाऱ्यांचे अठराशे आणि काकांच्या सहामाहीच्या कामाचे अडीच हजार द्यायचे होते. आबा म्हणाले, "मिसळ तरी परवडती का आता?" आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

मिसळीला जाताना काका माझ्या बाजूने चालत होते. मला वाटलं, आता ऐकवणार. गल्लीच्या वळणावर त्यांनी घड्याळाचा पट्टा नीट केला. मग म्हणाले, "तुमचं गणित बरोबर होतं. एका रुपयाची चूक नव्हती."

"काका, तुम्ही ते कधी तपासलंत?"

"मीही घरी मांडून बघितलं होतं. कोणीतरी हे सुचवणार, असं वाटलं होतं." दोन पावलं टाकून ते म्हणाले, "तुम्ही सुचवाल असं मात्र वाटलं नव्हतं. म्हणून जरा वाईट वाटलं." आणि त्या दिवशी माझे दोन जादा पाव त्यांनी स्वतःच्या नावावर घातले. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तळटीप त्यांनीही दिली नाही.

वहिनींचा गाळा दिवाळीआधी सुरू झाला. आमच्या घरी आता तिखट तिथूनच येतं. मी पैसे देतो आणि त्या मोजून घेतात. बावन्न हजारांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. एकदा फक्त वजन करताना म्हणाल्या, "भाऊजी, माप बघून घ्या हं, तेच आहे."

जानेवारीत काका दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो. मनगट बारीक झालं होतं, घड्याळ उशाशी काढून ठेवलेलं. त्याखाली पाकीट नव्हतं, औषधांची यादी होती. कसं वाटतंय विचारलं.

"पावसाळ्याची सहामाही चालू आहे," ते म्हणाले. "यावरून पूर्ण वर्षाचा अंदाज बांधू नका."

मी बांधला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काका गेले.

तेराव्यानंतर आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलो. वहिनीही आल्या, मसाल्याची पिशवी घेऊन. काकूंनी वही आणून दिली. जानेवारीअखेरपर्यंतच्या सगळ्या नोंदी पूर्ण होत्या. दवाखान्यातून फोनवर आकडे विचारून त्यांनी काकूंच्या अक्षरात त्या लिहवून घेतल्या होत्या. एका जागी काकूंनी खोडलेलं होतं आणि समासात लिहिलं होतं: "ऐकण्यात चूक. त्यांची नाही, माझी."

काकांचे पैसे द्यायचे होते. आबांनी खिशातून पाच हजार काढले. "काकू, एवढं ठेवा. मोजायचं न्हाई."

"पद्धत काय म्हणते?" मी विचारलं. मला हे विचारण्याचा अधिकार सर्वांत कमी होता, पण विचारलं. "कलम चार. झालेलं पण बिल न दिलेलं काम. सहा महिन्यांचे अडीच हजार, चार महिने झाले. सोळाशे सहासष्ट रुपये सदुसष्ट पैसे. पूर्ण रुपयात, एक हजार सहाशे सदुसष्ट."

"आरं मंग तळटीप दे की," आबा म्हणाले. "लिव. बदलाचं कारण, दोन टिंबं. लय चांगला माणूस होता." त्यांनी नोटा काकूंपुढे सरकवल्या.

काकूंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आबा, एप्रिलमध्ये सह्या केल्यात तेव्हा पण चांगलेच होते हो ते. नवीन काय झालं?"

आबांनी पाच हजार परत खिशात ठेवले. पाचशेच्या तीन नोटा, एक शंभराची, एक पन्नासची आणि एक विसाची काढून टेबलावर मांडल्या. "सुटे न्हाईत. ऱ्हाऊ द्या वरचे."

काकूंनी नोटा मोजल्या, त्यावर काकांचं घड्याळ ठेवलं आणि आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी आबांच्या हातावर एक दोनचं आणि एक रुपयाचं नाणं ठेवलं, आणि पावती लिहिली.

दिले एक हजार सहाशे सत्तर. परत तीन. काकूंना पोचले एक हजार सहाशे सदुसष्ट.