मागच्या सीटवरच्या अक्काताई

गाडी शिकवताना अक्काताई समोर फारसं बघत नसत, शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "रस्ता मला पाठ हाय, बाई. तुमचं तोंड न्हाय," म्हणायच्या. कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलत. शाळेत शिकवता शिकवता पन्नाशीला टेकल्यावर मी रंकाळ्याजवळच्या त्यांच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, त्याच्या भरवशावर माझी गाडी पळत होती.

मग शेजारच्या बापू गवळ्यांच्या म्हशीनं त्यांच्या उजव्या पावलावर पाय दिला. हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढलं. अक्काताई खरं तेच सांगत होत्या, पण पटेना कुणालाच. गाडी शिकवणाऱ्या बाईचा पाय मोडला म्हणजे गाडीच ठोकली असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. शिकणारे गळू लागले. बापूंना इतकं वाईट वाटलं की एका सकाळी ते म्हैस घेऊनच क्लासच्या दारात उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, की पाय हिनंच मोडलाय. चौकशीला आलेली एक मुलगी तेवढ्यात परत गेली.

घरी बसलं तर क्लास बुडणार, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती अर्धवट टाकून अक्काताई कामावर आल्या. तोवर विद्यार्थिनी म्हणून मी एकटीच उरले होते. प्लॅस्टरचा पाय पुढं मावेना. मग त्या मागच्या सीटवर पाय लांब करून आडव्या बसल्या आणि ब्रेकपाशी बापूंना बसवलं. बापूंनी जन्मात गाडी चालवली नव्हती. मागून "दाबा" असं आलं की दाबायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी चोख केलं. फक्त वाटेत म्हैस दिसली की हुकमाशिवायच दाबत, ती कुणाची ते नीट बघून घेत आणि मगच पाय उचलत.

प्लॅस्टर काढायच्या दिवशी बापूंची म्हैस व्यायला झाली, त्यामुळे ते आले नाहीत. मी रिक्षा बोलावते म्हटलं.

"क्लास माझा गाडीचा, आन् दवाखान्यात रिक्षातनं जाऊ? काढा गाडी."

शेजारची सीट रिकामी. दसरा चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. मी अक्काताईंच्या आवाजाची वाट बघत राहिले, पण मागून शब्द येईना. शेवटी क्लच दाबून चावी फिरवली. गाडी हलली. दवाखान्याच्या दारात थांबवून वळून पाहिलं, तर अक्काताई डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

झोप लागली का, मी विचारलं.

"कसली झोप? भ्यालो हुतो," त्या म्हणाल्या. "वरडलो असतो तर तुमी स्टेरिंग सोडलं असतं. म्हणून पदर तोंडात धरला."

पदराचं टोक ओलं झालं होतं.

प्लॅस्टर निघालं. त्या लंगडत बाहेर आल्या. आता ब्रेकपाशी बसतील म्हणून मी पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी ते लावून टाकलं आणि पुन्हा मागं जाऊन बसल्या.

"बाजारातनं घ्या गाडी," म्हणाल्या. "मला कोण घिऊन चाललंय, ते बघू दे लोकांनी."